रानडुकराला कोणतं कॅलिबर पुरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून टेक्सासात येऊन तीन वर्षं झाली, एच-१बी व्हिसावर आहात. दोन मित्रांबरोबर ब्रेनहॅमच्या पलीकडे अठरा एकर जमीन घेतलीत आणि पहिल्याच हिवाळ्यात डुकरांनी कुरण नांगरल्यासारखं उलथून टाकलं. ऑफिसातला सहकारी म्हणतो .२२३ ची एआर घे, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल. दुकानदार म्हणतो .३०८ च्या खाली उतरूच नका. गावी शेत राखलेले सासरे फोनवर सांगतात, बाराबोरसारखी बंदूक नाही. तुम्ही आजवर बंदूक हातात धरलेली नाही, एकच घेणार आहात, तर कोणती? आणि जाता जाता, गोळीच्या डब्यावर १५० ग्रेन लिहिलेलं असतं ते बारुदीचं वजन की गोळीचं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. .३०८ विंचेस्टर, साधी बोल्ट ॲक्शन (दर बाराला हाताने खिटी मागे-पुढे करायची) रायफल, १५० किंवा १६५ ग्रेनची कडक बांधणीची गोळी. खांद्याला तेवढा धक्का सोसवत नसेल तर ६.५ क्रीडमूर. पण यातलं काहीही हातात घ्यायच्या आधी शिकारीचं लायसन्स काढा. तुमच्या व्हिसामुळे तो भाग कॅलिबरपेक्षा मोठा आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय. तेवढं तरी वाचल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका.

मी मूळचा संगमेश्वरकडचा. काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रात्री माळ्यावर राखणीला जायचं, आणि मी सोबतीला. ठासणीत एकच बार. तो वाया गेला की पुन्हा बारूद, चिंध्या, छरे ठासून होईपर्यंत डुकरं खालच्या वाडीत पोचलेली. त्यामुळे काका अर्धा अर्धा तास नुसते बघत बसायचे. तिथे आमच्या हातून डुकरं फारशी पडली नाहीत, पण बघत बसायची सवय लागली. टेक्सासात आल्यावर सोळा वर्षांत बरीच डुकरं मारली, त्यातली पहिली काही अत्यंत वाईट रीतीने. तुम्ही ती चूक करू नये म्हणून हे सगळं लिहितोय.

तेव्हा मलाही सहकाऱ्यानेच .२२३ दिली होती. मार्चमधली रात्र, ओढ्याकाठी यॉपॉनच्या झुडपांची जाळी, साठ यार्डांवर मक्याचं फीडर. एकटा नर आला. मोठा, मानेवरचे केस उभे. मी हरणावर धरतात तसा नेम पुढच्या पायाच्या वीतभर मागे धरला आणि चाप ओढला. डुक्कर एकदा ओरडलं आणि जाळीत शिरलं. बॅटरी घेऊन दोन तास गुडघ्यांवर रांगलो. रक्ताचा एक थेंब नाही. सकाळी गिधाडं घिरट्या घालायला लागली तेव्हा दोनशे यार्डांवर सापडलं. मी त्याला तिथेच फाडून बघितलं, कारण मला कळायलाच हवं होतं. ५५ ग्रेनची गोळी होती, कोयोटसाठी, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावरासाठी बनवलेली, पातळ कवचाची. कातडीखालच्या ढालीत आणि पहिल्या बरगडीत तिचा भुगा झाला होता. दोन-तीन कण एका फुप्फुसापर्यंत पोचले होते. बाकी काम रात्रभराच्या वेदनेने केलं.

ही ढाल म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण तिच्याबद्दल इथल्या फीड स्टोअरच्या बाकांवर अफाट गप्पा चालतात. नर एकमेकांशी झुंजताना सुळे खांद्यावर आणि बरगड्यांवर मारतात. तिथली कातडीखालची जागा वयाबरोबर जाड आणि चिवट होत जाते. म्हाताऱ्या नरात ती इंचभर किंवा त्याहून जास्त भरते. सुरी घातली की मांसासारखी सरकत नाही, जुन्या टायरमध्ये घातल्यासारखी करकरत जाते. माद्यांना ती नसते. बाकावरची मंडळी म्हणतात की तिच्यावरून गोळी घसरते. तसलं काही होत नाही. शिकारीसाठी बांधलेली कुठलीही बरी गोळी तिच्यातून जाते. फक्त लवकर फुटणारी गोळी तिथेच आपला जोर संपवते आणि आत काहीच पोचत नाही.

दुसरी अडचण शरीररचनेची. डुकराचं हृदय हरणापेक्षा खाली आणि पुढे, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये असतं. फुप्फुसंही आखूड. खांद्यामागे वीतभर धरलेली गोळी हरणात फुप्फुसात जाते, डुकरात यकृतात नाहीतर पोटात. आणि वरच्या बाजूला फसगत उलटी. मानेमागचा उंचवटा आणि आयाळ यामुळे पाठीची रेघ खूप वर दिसते, पण खांद्याजवळ कणा त्या रेघेच्या बराच खाली, अंगाच्या मध्याच्या जवळ उतरलेला असतो. वर लागलेली गोळी कण्याच्या वरून मांसातून निघून जाते. त्या धक्क्याने डुक्कर कोसळतं, तुम्ही मित्राकडे वळून हसता, आणि तेवढ्यात ते उठून चालू पडतं. मी हे दोनदा बघितलंय, त्यातलं एकदा हसणारा मीच होतो. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाची रेघ सरळ वर न्या आणि अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात थांबा. तिथे.

तिसरी गोष्ट रक्ताची. चरबी आणि जाड कातडी मिळून गोळीचं भोक बंद करून टाकतात, जे थोडं बाहेर येतं ते राठ केसांत मुरतं. गोळी आत शिरली पण बाहेर पडली नाही, तर सगळं रक्त छातीच्या पिंजऱ्यातच साठतं. माग काढायला जमिनीवर काही पडतच नाही. जनावर मरतं, पण तुम्हाला सापडत नाही. पलीकडून बाहेर पडलेल्या गोळीचं भोक मोठं असतं, आणि ते थोडं खालच्या अंगाला असलं तर अंधारातसुद्धा माग लागतो. म्हणून माझी कॅलिबरची कसोटी एकच आहे: जनावर तिरकं उभं असताना, मधे खांद्याचं हाड आलं तरी, गोळी आरपार जाईल का? अगदी आडवं, शांत, पाय पुढे टाकलेलं डुक्कर चित्रात असतं. तुमच्या फीडरसमोर ते गोल फिरत असतं आणि दुसऱ्याला ढुशा देत असतं.

आता ग्रेन. ते वजन गोळीचं. बारूद वेगळी, ती डब्यावर लिहीत नाहीत. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. सोनाराची गुंज तुम्हाला माहीत असेल, तिच्या जवळजवळ निम्मा. १५० ग्रेनची गोळी म्हणजे पावणेदहा ग्रॅम, एका तोळ्यापेक्षा कमी. पाऊण क्विंटलच्या नरासाठी तोळाभरही धातू लागत नाही, हे ऐकून आमच्या काकांचा विश्वासच बसला नव्हता.

कॅलिबर हा आकडा मात्र नुसता भोकाचा आहे, आणि तोही दर वेळी खरा नाही. .३०८ म्हणजे इंचाचे हजारावे भाग, गोळीचा व्यास. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल. .३०-३० मधले दुसरे तीस हे मूळ भरणातले बारुदीचे ग्रेन. .२२३ ची गोळी प्रत्यक्षात .२२४ इंच असते. आणि खरी गंमत इथे आहे: .३०-३०, .३०८, .३०-०६ आणि ३०० ब्लॅकआउट या चौघांतही गोळीचा व्यास तोच, .३०८ इंच. ३०० ब्लॅकआउटच्या, ध्वनीच्या वेगापेक्षा हळू जाणाऱ्या काडतुसात २२० ग्रेनची गोळी सेकंदाला १,०१० फुटांच्या आसपास निघते, नळीच्या तोंडाशी जोर सुमारे ५०० फूट-पौंड (इथे गोळीचा जोर याच मापात मोजतात). .३०८ ची १५० ग्रेनची गोळी २,८२० फुटांनी निघते, जोर २,६५० च्या आसपास. भोक एकच, जोर पाचपट. म्हणून कुणी 'थर्टी कॅलिबर घे' म्हणाला तर त्याने तुम्हाला अजून काहीच सांगितलेलं नाही.

तुमच्या सहकाऱ्याची .२२३ घेऊ. ५५ ग्रेन, ३,२४० फूट, जोर १,२८० च्या आसपास. टेक्सासात दरवर्षी असंख्य डुकरं याच काडतुसाने मरतात, हे खरं आहे. ज्यांना जमतं ते कानाच्या बुंध्याशी मारतात, शंभर यार्डांच्या आत, धक्का नगण्य असल्यामुळे कळप पांगेपर्यंत दुसरी आणि तिसरी गोळीही नेमकी टाकतात. ६२ ग्रेनची बॉन्डेड (आतलं शिसं कवचाला जोडलेली) किंवा बार्न्स कंपनीच्यासारखी अखंड तांब्याची गोळी वापरली तर खांद्यातूनही बरीच आत जाते. पण मुठीएवढ्या मेंदूवर, फीडरभोवती डोकं खालीवर करणाऱ्या जनावरावर, अंधारात नेम धरायचा हे तुमच्या पहिल्या वर्षाचं काम नाही. तुमचा सहकारी खोटं बोलत नाहीये, तो त्याच्या हाताचा अनुभव सांगतोय.

.२२ चं, म्हणजे डबे-बाटल्यांवर सरावाला वापरतात त्या इवल्याशा काडतुसाचं, नावच काढू नका. टेक्सासात डुकरासाठी कमीत कमी कॅलिबरची अट नाही, त्यामुळे कायद्याने चालतं, पण सव्वाशे-दीडशे फूट-पौंडांत मोकळं फिरणारं डुक्कर मारायला जाणं म्हणजे त्याला जखमी करून सोडणं. पिंजऱ्यात अडकलेल्या डुकराला हातभर अंतरावरून मारणं वेगळं.

.२४३ विंचेस्टर, १०० ग्रेन, सुमारे १,९५० फूट-पौंड. ज्याच्या घरात मुलं किंवा बारीक अंगाची माणसं शिकणार आहेत त्याला मी हे बेधडक सांगतो. धक्का .३०८ च्या निम्म्याच्या थोडा वर. मोठ्या नराच्या खांद्यातून आरपार जाईलच अशी हमी मात्र मी देणार नाही. ६.५ क्रीडमूरमध्ये १४० ग्रेनच्या आसपासची लांबट गोळी असते. लांब आणि बारीक गोळी आत खोल जाते, धक्का .३०८ च्या दोन तृतीयांशाएवढा. २००७ साली हे काडतूस आलं तेव्हा इथल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली होती, आता त्यांच्याच पिकअपमध्ये असतं. ७.६२ बाय ३९, म्हणजे एके रायफलींमुळे प्रसिद्ध झालेलं काडतूस, दीड हजार फूट-पौंड, मऊ टोकाची गोळी असेल तर शंभर यार्डांपर्यंत चोख.

.३०-३० वर माझा जीव आहे, हे आधीच कबूल करतो. १८९५ पासूनचं काडतूस. लिव्हर ॲक्शन, म्हणजे चापाभोवतीची कडी खाली-वर करून काडतूस भरायची रायफल आखूड, हलकी, झाडीत फांद्यांना अडकत नाही. १७० ग्रेन, १,८०० च्या वर फूट-पौंड, आणि गोळीचा वेग मध्यम असल्यामुळे ती फुटत नाही, फुलते आणि पुढे जात राहते. ओढ्याकाठच्या माझ्या बहुतेक शिकारी याच रायफलीच्या. मग तुम्हाला का सांगत नाही? कारण शंभर यार्डांवर बसवलेला नेम दोनशेला आठ-नऊ इंच खाली पडतो, आणि तुमच्या अठरा एकरांत कुरण मोकळं आहे. शिवाय लिव्हर रायफलीवर दुर्बीण, त्यातून थर्मल (अंगाच्या उष्णतेवरून अंधारात जनावर दाखवणारी), बसवणं बऱ्याच मॉडेलांत कटकटीचं. डुकरं उन्हाळ्यात दिवसा तोंडही दाखवत नाहीत, आज ना उद्या तुम्ही थर्मल घेणारच. तशी दुर्बीण लावून रात्री डुकरं मारायला इथे मनाई नाही.

.३०-०६ आणि त्याच्यावरची सगळी मॅग्नम, म्हणजे जादा जोराची काडतुसं, डुकरासाठी जास्तीची. .३०-०६ आधीपासून घरात असेल तर झकास, मुद्दाम घेऊ नका. .४५-७० मजेशीर आहे, पण शिकाऊ माणसाला ती पहिल्या दहा बारांत नेमाचं वावडं लावून देते. शांत ३०० ब्लॅकआउटचं आकर्षण मला कळतं, आवाज कमी, कळप कमी बिथरतो. पण ५०० फूट-पौंडांत आरपारचा भरवसा नाही. घ्यायचंच तर त्याच रायफलीत ११० ग्रेनचं वेगवान काडतूस घाला, ते १,३५० च्या वर जातं.

डुक्कर किती मोठं असेल या भीतीने तुम्ही वरच्या कॅलिबरकडे वळाल, म्हणून एक सांगतो. २००४ साली जॉर्जियात अलापाहाजवळ मारलेल्या 'हॉगझिला'ची बातमी जगभर गेली: बारा फूट, हजार पौंड. पुढच्या वर्षी उकरून तपासल्यावर लांबी आठ फुटांच्या आत आणि वजन आठशे पौंडांच्या आसपास भरलं. तेही अजस्रच, पण त्याच्यात पाळीव डुकराचं रक्त होतं. तुमच्या फीडरवर येणाऱ्या माद्या शंभर-दीडशे पौंडांच्या असतील. दोनशे पौंडांचा नर आला तर तुम्ही त्याचा फोटो आईला पाठवाल. म्हणजे नव्वद किलो. .३०८ त्याला पुरून उरते.

गोळीची बांधणी कॅलिबरइतकीच, किंबहुना जरा जास्त, महत्त्वाची. दुकानात सगळ्यात स्वस्त डबा फुल मेटल जॅकेटचा. तो सरावाला. ती गोळी न फुलता सुईसारखी निघून जाते आणि डुक्कर मैलभर पळतं. दुसऱ्या टोकाला कोयोटसाठीची, जिची कथा वर सांगितली. तुम्हाला मधली हवी: बॉन्डेड, नाहीतर अखंड तांब्याची. फेडरलची फ्यूजन, नॉस्लरची पार्टिशन, बार्न्सची टीएसएक्स, यांपैकी तुमच्या रायफलीला जी मानवेल ती. रायफलीला गोळी मानवते म्हणजे काय, तर तीच रायफल एका डब्यातल्या तीन गोळ्या रुपयाच्या नाण्यात बसवते आणि दुसऱ्या डब्यातल्या बशीभर पसरवते. हे कागदावर मारूनच कळतं.

आता धक्का. .३०८ नवख्याच्या खांद्याला बसते, त्यात काही लपवण्यासारखं नाही. त्रास दुखण्याचा नसतो, डोळे मिटण्याचा असतो. चाप ओढायच्या क्षणी मन आधीच धक्क्याची वाट बघतं, डोळा मिटतो, नळी खाली झुकते आणि गोळी डुकराच्या पोटात. स्वतःला हे कळत नाही. उपाय सोपा: मित्राला तुमच्या नकळत खऱ्या काडतुसांत एक-दोन खोटी मिसळून भरायला सांगा. खोट्यावर चाप ओढलात आणि नळी डुबकी मारून गेली, की सगळं उघडं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा लाजेने कुणाशी बोललो नाही. .३०८ वर चाळीस बारांनंतरही ती डुबकी जात नसेल तर गुपचूप ६.५ क्रीडमूरकडे या, त्यात कमीपणा नाही. बसून नीट मारलेली लहान गोळी डोळे मिटून मारलेल्या मोठ्या गोळीपेक्षा केव्हाही आत जाते.

आता तो व्हिसाचा भाग. टेक्सासात १ सप्टेंबर २०१९ पासून खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने डुकरं मारायला शिकारीचं लायसन्स लागत नाही. हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. हे ऐकून लोक निवांत होतात, आणि एच-१बी वाल्यांनी नेमकं तेच करायचं नसतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या (एच-१बी त्यातलाच) माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. त्या बंदीला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या उपयोगाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स जवळ असणं. म्हणजे डुकराला लायसन्स नको, पण तुम्हाला हवं. सहकाऱ्याची रायफल रेंजवर नुसती चालवून बघतो म्हणालात तरी बंदूक हातात आलीच, तेव्हा आधी लायसन्स. रहिवाशांसाठी ते पंचवीस डॉलरचं. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्सही करावा लागतो, तो करा, त्यात वेळ वाया जात नाही. आणि एक खाच: हे लायसन्स कधीही काढलंत तरी ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला तुमच्या कपाटात बंदूक आहे आणि लायसन्स संपलेलं आहे, ही अवस्था येऊ देऊ नका. बंदूक विकत घेताना दुकानात भरायच्या ४४७३ फॉर्मवर व्हिसाचा प्रश्न असतो, खरं ते लिहा, लायसन्सची प्रत सोबत ठेवा. ग्रीन कार्ड असलेल्यांना हे लागू नाही. तुमच्या ग्रीन कार्डाची फाइल चालू असेल तर वकिलाला एक मेल टाकून ठेवा, मी वकील नाही.

आणि हे सगळं इथलं. गावी, रत्नागिरीत किंवा विदर्भात, डुक्कर जातीने तेच, पण तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, वन खात्याच्या परवानगीशिवाय बार टाकायचा नाही. इथला व्हिडिओ बघून गावच्या चुलत भावाला सल्ले देऊ नका.

आरपार, आरपार म्हणत आलो, तर त्याची दुसरी बाजूही माझीच जबाबदारी. पलीकडून निघालेली गोळी कुठेतरी जाते. अठरा एकर म्हणजे फार नाही. शेजाऱ्याच्या गाई, काउंटीचा रस्ता, कळपातलंच मागचं पिल्लू. म्हणून बसायची जागा उंच करा, दहा-बारा फुटांचं मचाण पुरतं, आणि फीडर असं ठेवा की तुमची गोळी डुकरातून निघून मातीतच शिरेल. मागे क्षितिज दिसत असेल तर बार नाही, डुक्कर कितीही मोठं असो. थर्मलमध्ये हे आणखी जपायचं, कारण त्यात जनावर उजळ दिसतं पण मागचं कुंपण दिसत नाही.

बार झाल्यावर लगेच खाली उतरू नका. पुन्हा काडतूस भरा, जनावर कुठे शिरलं ते झाड लक्षात ठेवा, अर्धा तास बसा. जखमी नराच्या मागे अंधारात यॉपॉनमध्ये शिरायचं नाही. सुळे मांडीच्या उंचीवर असतात. कापताना हातमोजे हवेतच. इथल्या डुकरांत ब्रुसेलोसिस नावाचा रोग असतो आणि तो रक्तातून, हातावरच्या साध्या खरचटण्यातून माणसाला होतो. मांस ७१ अंश सेल्सिअसपर्यंत आतून शिजलं पाहिजे. ऐंशी पौंडांच्या आतली मादी घ्या, मालवणी मसाला आणि सुकं खोबरं, दोन तास मंद आचेवर. म्हाताऱ्या नराचं मांस शिजवताना घरात कुणी थांबणार नाही.

बंदुकीने तुमचं कुरण वाचेल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायला हवं. मादी एका वेताला चार-सहा पिल्लं देते, दिवस जातात साधारण ११५. संख्या आहे तिथेच रोखायची तरी दरवर्षी दोन तृतीयांशाच्या आसपास डुकरं काढावी लागतात असं इथले वन्यजीवतज्ज्ञ सांगतात. रायफलीने एका रात्री एक, फार तर दोन पडतात, बाकीचा कळप शहाणा होतो. कुरणासाठी मोठा गोल पिंजरा लावा, अख्खा कळप आत आल्यावरच दार पाडा. तिघांत मिळून खर्च परवडेल. रायफल ही पिंजऱ्याला न भुलणाऱ्या त्या एकट्या नरासाठी, आणि खरं सांगायचं तर, तुमच्या हौसेसाठी.

राहिले सासरे. त्यांचं बाराबोर चुकीचं नाही. बारा बोर म्हणजे ज्या नळीच्या मापाचे बारा शिशाचे गोल एका पौंडात बसतात ती. छरे नकोत, डबल-ऑट बकशॉट म्हणजे मोठे छरे, तोही पंचवीस यार्डांपलीकडे पसरतो आणि जखमा करतो. पण स्लग, म्हणजे शिशाची एकच मोठी गोळी, असेल तर पन्नास-साठ यार्डांपर्यंत तिच्यासमोर डुक्कर उभं राहत नाही. एक औंस शिसं, अडीच हजार फूट-पौंडांच्या जवळ. धक्का मात्र .३०८ पेक्षा जास्त. ते पुढच्या हिवाळ्यात येणार असतील तर त्यांना मचाणावर शेजारी बसवा, बंदूक देऊ नका, कारण टूरिस्ट व्हिसालाही तीच बंदी लागू. नेम कधी धरायचा ते मात्र त्यांना विचारा. ज्याने एका बारावर शेत राखलंय त्याला ते चांगलं कळतं.